सावलीचं कापड

"खाला, इथं काय पुरलंय?" नोर्मुरोदनं विचारलं, आणि होसियतच्या हातातली किटली हिंदकळून गरम चहा तिच्या पायावर पडला. नोर्मुरोद छत बसवणारा माणूस. खांब रोवायला जमीन कशी आहे हे बघायला त्यानं भिंतीकडेच्या मातीच्या लांबट उंचवट्यात पहार खुपसली होती. पहार सरळ आत गेली आणि हातभर खाली कशाला तरी अडली. दगड नव्हता तो. दगड असता तर आवाज आला असता. नोर्मुरोद पहार हलवून बघायला लागला, जरा भीत भीतच, तशी होसियत पाय पोळल्याचं विसरून ओरडली, "काढ ती पहार! काही नाही तिथं. कचरा आहे." ताश्कंदच्या जुन्या वस्तीत वाढलेल्या माणसाला, एप्रिल संपत आला असताना रिकाम्या मांडवाखाली असा उंचवटा कशाचा असतो हे कळणार नाही, असं कसं होईल? त्याला कळलं. त्यानं एकदा वर मांडवाच्या उघड्याबोडक्या नळ्यांकडे पाहिलं, एकदा उंचवट्याकडे, आणि पहारीचं टोक पँटला पुसत म्हणाला, "सगळ्यांच्या द्राक्षवेली नवरोजलाच वर चढल्या, खाला. आमच्याकडं पानं हाताएवढी झाली." "तुझी पानं तुझ्यापाशी," होसियत म्हणाली. "तू छताचं बोल."

छताचं तो भरपूर बोलला. तापचानवर, अंगणातल्या त्या मोठ्या लाकडी बैठकीवर, त्यानं एकेक नमुना मांडला आणि होसियतनं एकेकाला नावं ठेवली. पॉलिकार्बोनेटचे पत्रे? छे, त्याखाली काकड्या पिकतात, माणसं उकडतात. हिरवी जाळी? तिच्याखाली बसलेला माणूस चार दिवस ओकल्यासारखा दिसतो. वेताची चटई चिमण्या काडी काडी करून नेतात. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड बघून ती हसलीच. "मी काय इथं कबाब विकायला बसणारेय?" वीस वर्षं ती लोकांच्या घरचे पडदे शिवत होती. कापड तिला डोळ्यांआधी बोटांना कळायचं. शेवटी त्यानं गाडीतून एक जाड, मातकट रंगाचं कापड आणलं. ते तिनं दोन्ही हातांनी उन्हात धरलं. वीण घट्ट होती. ऊन आत येत होतं पण धारेनं नाही, चाळणीतून पीठ पडावं तसं. तिनं कापड गालाला लावलं, दातांनी एक धागा ओढून पाहिला. हेच. एवढ्या बारीक गोष्टीनं छातीत असं भरून यावं याची तिला लाज वाटली आणि तरी भरून आलंच. "हा चार मीटरचा तुकडा ठेवून जातो," नोर्मुरोद म्हणाला. "दोन-तीन ठिकाणी टाकून बघा, सावली कशी पडते. उद्या येतो खांब घेऊन. एर्गाश आकांना पण विचारून ठेवा." "नवऱ्याला काय विचारायचं?" होसियत म्हणाली. "मी सांगतेय ना!" तो गेल्यावर ते वाक्य तिनं रिकाम्या अंगणात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. मी सांगतेय ना. बत्तीस वर्षं तिनं या अंगणाला झाडू मारला होता, रोज, उजाडायच्या आत, केलिननं, म्हणजे घरच्या सुनेनं, मारायचा असतो तसा. पण तो झाडू कुठल्या कोपऱ्यात ठेवायचा, हेसुद्धा तिनं कधी ठरवलं नव्हतं. ते ठरवायची रिसोलत आया. तिची सासू. सासू जानेवारीत गेली, आणि या अंगणातली पहिली गोष्ट होसियत आता ठरवत होती. एकच गोष्ट. डोक्यावर काय असावं ही.

वेल तिनं मुद्दाम उचलली नव्हती. विसरली नव्हती, कंटाळा केला नव्हता, कंबर दुखत नव्हती. मुद्दाम. इथली थंडी वेलीला सोसत नाही, म्हणून शरदात ती छाटून, मांडवावरून उतरवून, खड्ड्यात आडवी करून मातीखाली झाकायची, आणि नवरोजच्या सुमाराला, मार्च अखेरीस, उकरून पुन्हा वर चढवायची. पोरासोरांनाही ठाऊक असलेली गोष्ट. आणि हेही ठाऊक असतं की माती ऊबदार झाल्यावर वेल आत ठेवली की कोंबांचे डोळे कुजतात, मग साल, मग खोड. नवरोज झाला. एर्गाशनं एकदा विचारलं, "वेल कधी उचलायची?" ती म्हणाली, "बघू." एर्गाश विजेचे मीटर तपासत घरोघर फिरायचा, दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकून आलेला माणूस घरी कशाला वाद घालेल? पंधरा दिवसांनी ती स्वतःच म्हणाली, "गेली ती. कुजली." तो "हं" म्हणाला आणि पाव मोडून चहात बुडवायला लागला. आईच्या हातची साठ वर्षांची वेल गेली, आणि हा माणूस हं म्हणतो! तिला त्या हं-चा सुद्धा संताप आला. रोज सकाळी झाडू मारताना ती उंचवट्यापाशी थांबायची. खाली काय चाललं असेल याचा विचार करायची. कुज. बुरशी. ओल्या सालीचा तो वास. विचार केला की बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की स्वतःचीच किळस यायची, पण बरं वाटणं काही थांबायचं नाही.

रिसोलत आया तापचानवर बसायची, पायांवर रजई, हातात पियाला. वेल पुरायच्या दिवशी ती पियाल्याच्या बुडानं लाकडावर ठोकायची. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चूक. "अगं मढं पुरतेस का? हळू! बाळाला निजवतात तसं निजव." होसियत वीस वर्षांची होती पहिल्या शरदात, वेलीचे हात, म्हणजे तिच्या जाड फांद्या, वाकवताना साल तळव्यात घुसायची, आणि ठोके चालू. टक्. टक् टक्. तिसऱ्या वर्षी थंडी जरा लवकर आली, तर सासूनं होसियतच्या पेटाऱ्यातली रजई काढायला लावली, माहेरून आणलेली, आईनं कापूस पिंजून भरलेली, निळ्या साटिनची, आणि ती वेलीवर घातली. "तुम्हाला दोघांना एक पुरे की," म्हणाली. नंतर दर वर्षी तीच रजई. निळी होती ती मातीची झाली. पण रजईचं काय, रजई गेली तर गेली. एखाद्या बाईला वाईट म्हणायला रजई पुरेशी नाही हे होसियतलाही कळत होतं.

तो नोव्हेंबर होता, लग्नानंतरचा पाचवा. तिला अजून दिवसाचा उजेडसुद्धा आठवतो, पाणी घातलेल्या दुधासारखा. नणंद, मुकद्दस ओपा, शेजाऱ्यांच्या घरून धावत आली होती. तेव्हा गल्लीत एकच फोन होता. दरवाजाशी मायलेकी काहीतरी कुजबुजल्या. होसियत मांडवावर चढलेली, तोंडात सुतळी. "काय झालं, ओपा?" तिनं वरूनच विचारलं. मुकद्दस खाली बघत राहिली. सासू म्हणाली, "काही नाही. हात चालव. आज बर्फ पडणार." तिनं हात चालवले. दहा हात वेलीचे, एकेक उतरवला, बांधला, निजवला, रजई घातली, पोती घातली, माती लोटली, फावड्यानं चोपली. दुपारची नमाज होऊन गेली. मग सासू तापचानवरून उठली, स्वतःच्या हातानं तिला चहा दिला, त्या पाच वर्षांत पहिल्यांदा, आणि म्हणाली, "पार्केंतला जा, पोरी. तुझे वडील गेले." पार्केंत, तिचं माहेर, तासाभराच्या वाटेवर. माणूस गेला की त्याच दिवशी मातीत जातो, थांबत नाही कुणासाठी. होसियत पोचली तेव्हा पुरुष कब्रस्तानातून परत येत होते, चपनांच्या, लांब अंगरख्यांच्या, बाह्या खाली करत. अंगणात वडिलांना अंघोळ घातलेली जागा अजून ओली होती. तिची आई म्हणाली, "किती वेळ वाट पाहिली गं तुझी. सकाळीच निरोप दिला होता." होसियतला तेव्हा रडू आलं नाही. नखांत वेलीखालची माती होती आणि ती कशी काढावी एवढंच तिला सुचत होतं. बापाचं तोंड शेवटचं बघायचं सोडून ती एका झाडाला पांघरूण घालत होती. बरं, हे ती कुणाला बोलली का? नाही. मूग गिळून सत्तावीस वर्षं त्याच वेलीची द्राक्षं पाहुण्यांपुढं ठेवली. "काय गोड आहेत हो," पाहुणे म्हणायचे.

आणि म्हणून दुपारी फाटक वाजलं, मुकद्दस ओपाचा तो एक लांब, एक आखूड असा ठोका आला, तेव्हा होसियत घाबरली नाही, उलट तिला एक घाणेरडा उत्साह आला. येऊ दे. बघू दे. त्रेसष्ट वर्षांची ही बाई चिलोन्झोर भागातल्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायची आणि दोन-दोन महिन्यांनी इथं येऊन "आमचं अंगण" म्हणायची. रीतीप्रमाणे घर धाकट्या मुलाला, एर्गाशला, मिळालं होतं. पण ओपाला ते कोण सांगणार? ती आली, धापा टाकत तापचानवर बसली, चपला उडवल्या, पिशवीतून गरम नान काढून ठेवले आणि मग वर पाहिलं.

"हे काय? मांडव मोकळा कसा?"

"वेल मेली, ओपा," होसियत म्हणाली. महिनाभर तिनं हे वाक्य धार लावून ठेवलं होतं. तिला मुकद्दसच्या तोंडावर ते लागलेलं बघायचं होतं. आईची वेल. आईच्या हातची शेवटची गोष्ट. "मातीतच कुजली. उचलायला उशीर झाला."

मुकद्दसनं नानचा तुकडा मोडला. "मेली? बरं झालं बाई. सुटलीस."

"म्हणजे?"

"अगं म्हणजे काय? त्या वेलीनं माझ्या बालपणाचं वाटोळं केलं. तू यायच्या आधी कोण पुरत होतं ती? मीच ना! सतराव्या वर्षी मी लग्नाला हो का म्हणाले वाटतं तुला? नवरा बघून? त्याला घराला अंगण नव्हतं म्हणून." आणि ती हसली, पोट हलवत, मनापासून. मग नमुन्यांवर झुकली. "हे छताचे का? आण इकडं. ही हिरवी जाळी चांगली. माझ्या गावाबाहेरच्या दाचावर हीच आहे. थंडगार. हीच घ्या."

"मी हे कापड घेतलंय." होसियतनं मातकट कापडावर हात ठेवला.

"शी! हे? पोत्यासारखं दिसतंय. वर गोदाम वाटेल गं. हिरवी घे हिरवी. त्या माणसाचा नंबर दे, मीच सांगते. एर्गाशलाही सांगते संध्याकाळी. तुला यातलं काय कळतंय?"

तुला यातलं काय कळतंय. वीस वर्षं कापड शिवणाऱ्या बाईला. होसियतच्या अंगाचा तिळपापड झाला, पण त्याहून काहीतरी वाईट होत होतं. जिथं घाव घालायचा तिथं काही नव्हतंच. हवेत कुऱ्हाड मारली आणि आपलाच खांदा निखळला. तिनं शेवटचं हाताशी होतं ते वापरलं. "आयाची वेल होती, ओपा. तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"आयालाच वाटत नव्हतं तर मला काय वाटायचंय!" मुकद्दस पियाल्यात फुंकर घालत म्हणाली. "डिसेंबरात मी तिचे पाय चेपत होते ना, तेव्हा म्हणाली, माझ्यामागं केलिन वेल मारणार. मी म्हटलं, असं कसं आया? तर म्हणाली, मारणारच. मारू दे. मी सांगितलंय म्हणावं. पत्रा घाला, कापड घाला, तिला हवं ते करू दे. तुला सांगायचं मी विसरलेच बघ."

अंगणात एक साळुंकी ओरडत होती.  महिनाभर ती रोज पहाटे त्या उंचवट्यापाशी उभी राहून काय करत होती? बंड? बदला? ती तर सांगितलेलं काम करत होती. म्हातारी खिडकीमागं, रजईत, मरायला टेकलेली, आणि तिनं हेही ठरवून ठेवलं होतं. माती लोटायला लावली तसं. चहा हातात दिला तसं. तिला हवं ते करू दे! परवानगी! अगं बये, मेल्यावर तरी मला माझं पाप माझ्या हातानं करू दे ना. टक्, टक्, पियाल्याच्या बुडानं. होसियतला हसू आलं की रडू तिचं तिलाच कळेना, आणि त्या गोंधळातच तोंडातून ते निघून गेलं, सत्तावीस वर्षं न निघालेलं.

"माझे वडील गेले त्या दिवशी. तुम्हाला माहीत होतं. तुम्हीच निरोप आणला होतात."

मुकद्दसनं पियाला खाली ठेवला. "आता ते कशाला काढतेस?"

"माहीत होतं ना?"

"होतं. आया म्हणाली बोलू नकोस, नाही बोलले. तिच्यापुढं कुणाची जीभ हलत होती? तुझी हलत होती?" ती नानचा तुकडा बोटांत फिरवत राहिली. मग खांदे उडवून म्हणाली, "आणि पडला ना गं बर्फ. खरंच पडला त्या रात्री. वेल वाचली की."

हे ती दुष्टपणानं म्हणाली नाही, हेच भयंकर होतं. हिशोब जुळल्यासारखं म्हणाली. होसियत उठली, मुकद्दसच्या चपला नीट जुळवून तापचानच्या पायाशी ठेवल्या, बोटं बाहेरच्या दिशेला. इथं पाहुण्याला जा म्हणत नाहीत. चपला वळवून ठेवल्या की पुरे. मुकद्दसनं चपलांकडे पाहिलं, भावजयीकडे पाहिलं, आणि तिचं तोंड लालबुंद झालं. "बत्तीस वर्षांत शिकलीस की," म्हणाली. फाटकापाशी वळून पुन्हा म्हणाली, "हिरवीच घ्या. ऐक माझं."

फाटक लागल्याबरोबर होसियतनं कुदळ आणली. दुपारचा एक वाजला होता, आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. वेल उघडायची ती ढगाळ दिवशी, नाहीतर उन्हं उतरल्यावर. हे तिला झोपेतही सांगता आलं असतं, हे त्याच तोंडानं त्याच ठोक्यांनी शिकवलेलं होतं. खड्ड्यात गेलं ते. तिनं दोन घाव घातले आणि कुदळ फेकून हातानंच उकरायला लागली. काय करतेयस तू? ती स्वतःला विचारत होती, आणि उत्तरही देत होती, मोठ्यानं, शेजारी ऐकतील याची पर्वा न करता. "मारू दे म्हणालात? नाही मारत जा. तुम्ही मार म्हणालात तर मी मारणार वाटलं? नाही मारत!" माती, मग पोती, मग ती रजई. रजईच्या एका शिवणीत अजून चार बोटं निळं होतं. ती तिनं खेचून बाजूला टाकली. खाली वाफ होती, आणि वास. कुजका, हो, तिनं महिनाभर कल्पना केलेला तोच वास, नाकात बसणारा. पाच हात गेले होते, साल बोटांखाली ओल्या कागदासारखी सुटत होती. सहाव्यावर पहारीची जखम होती, आणि जखमेतून पाणी येत होतं. थेंब थेंब. मेलेल्या वेलीतून पाणी येत नाही. तिनं तो हात उचलला, आणि त्याच्याखाली ते दिसले. कोंब. बोटभर, काही वीतभर, पांढरेफटक, अंधारात जिकडं फट मिळेल तिकडं वळलेले, पानं नुसती कागदाच्या चुरगळ्याएवढी. महिनाभर ती वर उभी राहून यांच्या मरणाची वाट बघत होती आणि हे खाली चाचपडत होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं नवरोज झाला म्हणून. कुणी निरोपच दिला नव्हता. होसियत तिथंच मातीत बसली आणि तिच्या घशातून असा आवाज आला की तिलाच भीती वाटली. "आता," ती म्हणाली, "आता, बाबा," आणि तिला कळेना हे ती कुणाला म्हणतेय. नखांत तीच माती होती.

चार हात चांगले होते, एक अर्धा. ते तिनं एकटीनं वर चढवले, शिडी हलत होती, सुतळी दातांत, ऊन मानेवर. अर्ध्या तासात कोंबांची टोकं माना टाकायला लागली. पांढऱ्या सालीला ऊन सोसत नाही; संध्याकाळपर्यंत ते काळे पडणार, चहाची पत्ती उकळल्यावर पडते तसे. ढगाळ दिवशी उघडायची असते. "माहितीय मला!" ती वर बघून ओरडली. "तुम्ही नका सांगू!" मग ती खाली उतरली. तापचानवर चार मीटरचं मातकट कापड घडी करून ठेवलं होतं, तिचं, तिनं गालाला लावून निवडलेलं. ती क्षणभर त्यावर हात ठेवून उभी राहिली. याच्या सावलीत बसून पहिला चहा कसा प्यायचा हे तिनं ठरवलं होतं. कुठल्या पियाल्यातून, कुठल्या बाजूला पाय करून. मग तिनं ते कापड खांद्यावर टाकलं, शिडी चढली, आणि मांडवाच्या वरच्या नळीवरून ओढून घेत वेलीवर घातलं, कडा दगडांना बांधल्या, वारा आत जाईल इतकी फट ठेवली. खालून पाहिलं. कोंबांवर ऊन पिठासारखं पडत होतं. निवड अगदी बरोबर होती. तेवढं तरी.

"मी माफ केलेलं नाही," तिनं सांगितलं. वेलीला सांगितलं, तापचानच्या रिकाम्या जागेला सांगितलं. "सांगून ठेवते. हे तुमच्यासाठी नाही. तुमच्या लेकीसाठी नाही. शरदात हिला कधी झाकायचं ते मी बघेन, आणि त्या दिवशी कुणाचा निरोप आला तर मी कुदळ टाकून जाईन. मरो वेल." मग ती तापचानवर चढून बसली, सासू बसायची त्याच जागी, आणि तिथं आता सावली नावाला नव्हती. ऊन सरळ डोक्यावर. तिनं किटलीतला गार झालेला चहा ओतला. पियाला खाली ठेवताना त्याचं बूड लाकडावर आपटलं, टक्. मग तिनं पियाला उचलला आणि मांडीवर धरून बसली.

चारच्या सुमाराला एर्गाश आला. फाटकात उभा राहून त्यानं उकरलेला खड्डा पाहिला, रजई पाहिली, कापडाखाली झाकलेली आईची वेल पाहिली, आणि भर उन्हात तापचानवर बसलेली, तोंड भाजून लाल झालेली, कोपरापर्यंत मातीनं भरलेली बायको पाहिली. "ओपाचा फोन आला होता," तो चाचरत म्हणाला. "हिरवी जाळी म्हणतेय. आणि... अगं, उन्हात काय बसलीस अशी?"

"माझं अंगण आहे," होसियत म्हणाली. "मी बसेन तिथं बसेन."

एर्गाशनं पिशवी खाली ठेवली. "हं," म्हणाला, आणि जरा वेळानं, सावलीच नसलेल्या त्या तापचानवर, तिच्याशेजारी येऊन बसला.